नंदी, घोडा आणि बोजारा

जुन्या, हाती घडवलेल्या लाकडी घोड्यांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. पायांखाली कमानदार पट्ट्या असलेला आणि पाठीवर मूल बसले की पुढेमागे झुलणारा हा घोडा एकेकाळी सुखवस्तू इंग्रजी घरातल्या बालपणाची खूण होता. आता तो मोठ्या माणसांच्या दिवाणखान्याची शोभा झाला आहे. उडालेला रंग, झिजलेले खोगीर, विरळ झालेली खऱ्या केसांची आयाळ यांना कोणी दोष मानत नाही. उलट त्यांचीच किंमत होते. या ओढीची कारणेही ठरलेली आहेत : प्लास्टिकचा कंटाळा, माणसाच्या हाताचा स्पर्श, हरवलेले बालपण. ही कारणे खोटी नाहीत. पण आमचे घोडे पेंड खाते ते इथेच. लाकूड, हातकाम आणि जुनेपण या तिघांना एकाच दावणीला बांधून आपण त्यांची एकत्र स्तुती करतो, तेव्हा त्या वस्तूचे लेकरू करीत काय होते, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. तो आम्हांला यवतमाळ जिल्ह्यातून विचारावासा वाटतो. तिकडच्या शेतकरी घरात झुलता घोडा क्वचितच सापडेल. लाकडाचा बैल मात्र माळ्यावर, देवघराशेजारी नाहीतर कणगीमागे कुठेतरी उभा असतो.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. श्रावण अमावास्येचा पोळा सर्वांस ठाऊक आहे. विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. तान्हा म्हणजे लेकरांचा. त्या दिवशीचा मान खऱ्या बैलांना नसतो. तो चाकांच्या पाटीवर उभ्या असलेल्या लाकडी बैलाला, म्हणजे नंदीला असतो. नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराशी या प्रथेचे नाते परंपरेने जोडले आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा तर पुरुषभर उंचीच्या नंदींमुळे प्रसिद्ध झाला आहे. आदल्या दिवशी खऱ्या बैलाचे जे जे होते ते ते दुसऱ्या दिवशी लाकडी बैलाचे होते. त्याच्या पाठीवर झूल येते, शिंगांना बेगड लागतो, गळ्यात घुंगरमाळ पडते, नाकातून दोरीची वेसण जाते. नंदी तोरणाखाली रांगेने उभे राहतात, आरती होते, आणि मग पोळा ‘फुटतो’. पोरे आपापला नंदी ओढत घरोघर निघतात. घरची बाई नंदीच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते आणि ओढणाऱ्याच्या हातावर काही ठेवते. या देण्याला बोजारा म्हणतात.

बोजारा हा शब्द मुलांच्या पोळ्यात जन्मलेला नाही, तो मोठ्या पोळ्यातून आला आहे. पोळा फुटल्यावर बैल घेऊन घरोघर जाण्याचे काम सहसा शेतमालक करीत नाही. कासरा धरतो तो सालगडी. वर्षभर ज्याने त्या जनावरांची वैरण-पाणी पाहिली, पहाटे उठून गोठा झाडला, वखरामागे आणि डवऱ्यामागे जो चालला, तोच त्या संध्याकाळी बैलजोडी घेऊन आधी मालकाच्या आणि मग नात्यागोत्याच्या, ओळखीपाळखीच्या दारांत उभा राहतो. पूजा बैलांची होते आणि बोजारा गड्याच्या हाती पडतो. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते. पाडव्याला ठरलेल्या हिशेबात न धरलेली, तरी रिवाजाने त्याच्या हक्काची मानलेली अशी ही मिळकत आहे.

आता तान्ह्या पोळ्यातले लेकरू पाहावे. ते सोंग कोणाचे घेते? नंदीची दोरी धरून परक्या दारात उभे राहणारे आणि हात पुढे करणारे ते पोर मालकाच्या घरचे असो की मजुराच्या, त्या घटकेला ते गडी झालेले असते. झुलत्या घोड्यावर बसलेले मूल राजपुत्र असते, शिलेदार असते, निदान साहेब तरी असते. खेळण्याने दिलेली जागा उंचावरची, खोगिरावरची असते. नंदी लेकराला खाली, जमिनीवर, जनावराच्या पुढे उभे करतो आणि चालायला लावतो. त्याच्यावर बसण्याचा मान फक्त महादेवाचा, हे प्रत्येक पोराला न सांगता ठाऊक असते.

(यात समतेचा धडा शोधण्याची घाई कोणी करू नये. मालकाच्या पोराचा बोजारा हा खाऊ. गड्याचा बोजारा हा त्याच्या चुलीचा भाग. शिवाय मोठ्या पोळ्यात पहिला मान कोणाच्या जोडीचा, यावरून गावोगाव डोकी फुटलेली आहेत. लेकरांच्या पोळ्यात हे मानपान पुरते गळून पडतात असेही नाही. पण एक फरक नोंदवण्याजोगा आहे. मोठ्या पोळ्यात बैलांचा कासरा बाईच्या हाती क्वचितच दिसतो. तान्ह्या पोळ्यात मुलीही नंदी ओढत निघतात.)

कलेचे इतिहासकार ई. एच. गॉम्ब्रिख यांचा काठीच्या घोड्यावरचा निबंध १९५१ सालचा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा अशी आमची शिफारस आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुलाने दोन पायांत धरलेली काठी ही घोड्याची प्रतिकृती नसते. ती घोड्याच्या जागी आलेली, त्याच्या बदली काम करणारी वस्तू असते. तिच्यावर कसेबसे स्वार होता आले पाहिजे आणि स्वार होण्याला मुलाच्या लेखी महत्त्व असले पाहिजे, एवढ्या दोन अटी पुऱ्या झाल्या की काठीचा घोडा होतो. डोळे, आयाळ, खोगीर ही नंतरची भर. दिसण्याच्या आधी करणे येते, असा त्या निबंधाचा रोख आहे. खेळण्यांविषयीच नव्हे, तर सगळ्या कलाव्यवहाराविषयी तो बरेच काही सांगून जातो.

याच न्यायाने नंदीच्या अटी कोणत्या, असे विचारून पाहू. त्याच्यावर बसता येण्याची गरज नाही. त्याला ओढता आले पाहिजे, आणि दारात नेऊन उभा केला की कोणीतरी त्याच्या पायांवर पाणी घातले पाहिजे. पहिली अट सुताराने पुरी करायची, दुसरी शेजाऱ्यांनी. म्हणजे नंदी हे एकट्या मुलाचे खेळणे होऊच शकत नाही. बंद दारांच्या वस्तीत नंदी अर्धाच राहतो. झुलता घोडा खोलीच्या कोपऱ्यात एकट्याने खेळता येतो. किंबहुना तो एकट्यासाठीच आहे. खूप हलूनही तो जागचा ढळत नाही, आणि आई-बापांना त्याची सोय वाटते ती बहुधा याच कारणाने. १८८० साली अमेरिकेत फिलिप मार्का यांनी घोड्याच्या कमानदार पट्ट्या काढून त्याला स्थिर चौकटीवर टांगण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. तोवर पुढेमागे झुलता झुलता घोडा खोलीत थोडाथोडा सरकत तरी होता. आता तेही बंद झाले, आणि बोटे चिरडण्याचे भयही गेले.

या जागच्या जागी धावण्याची भीषण बाजू डी. एच. लॉरेन्स यांनी ओळखली होती. ‘द रॉकिंग-हॉर्स विनर’ ही त्यांची कथा १९२६ सालची. आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गात ती वर्षानुवर्षे शिकवली गेली आहे. बाहेरून संपन्न आणि आतून पैशाला महाग झालेले घर. भिंतीसुद्धा पैशाची तहान कुजबुजतात असे मुलांना वाटावे, इतके महाग. घरातला मुलगा आपल्या लाकडी घोड्यावर बसतो आणि शर्यतीत कोणता घोडा जिंकणार ते कळेपर्यंत वेड्यासारखा दौडत राहतो. त्याला ते कळते. पैसा येतो, तो पुरत नाही, कुजबुज वाढते आणि अखेरच्या मोठ्या शर्यतीचा विजेता सांगून ते पोर मरून जाते. (त्या विजेत्या घोड्याचे नाव मलबार आहे. कर्जबाजारी इंग्रजी घराच्या सुटकेची वाट आमच्या किनाऱ्यावरून जावी, ही गोष्ट वर्गात सहसा कोणी बोलत नाही.)

ही कथा यवतमाळच्या वाचकाने वाचली तर त्याला ती परकी वाटणार नाही. पैशासाठी कुजबुजणारी घरे या जिल्ह्याने पुष्कळ पाहिली आहेत. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. जाहीर होण्याचे कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे होते. त्या पॅकेजात दुभत्या जनावरांचाही भाग होता. पाण्याची आणि चाऱ्याची वानवा असलेल्या घरांना त्या संकरित गायी पोसणे कसे जड गेले, ते त्या वेळच्या वृत्तपत्रांतून भरपूर छापून आले. ज्या घरात मूल रात्री जागे राहून मोठ्यांचे हिशेब ऐकते, तिथे खेळण्याचे निरागसपण कितपत टिकते, हा लॉरेन्सचा प्रश्न आमच्याकडे अधिकच खरा आहे. फरक एवढाच, की आमच्या खेळण्यात जिंकण्याची सोय नाही. नंदी ओढून दैव फिरवता येत नाही. चार दारे फिरून चार नोटा आणता येतात.

आता जुनेपणाकडे येऊ. झुलत्या घोड्यांचे संग्राहक एकमेकांना एक सल्ला आवर्जून देतात : मूळ रंग खरवडू नका, किंमत पडते. सफेद-करड्या ठिपक्यांचा जो घोडा लंडनच्या कारखान्यांतून एकोणिसाव्या शतकात निघाला, तो शक्यतो तसाच राहावा. तडा गेला तर तडा दिसू द्यावा. वस्तू जपण्याचा हा एक मार्ग आहे आणि त्यामागचा विवेक आम्ही नाकारीत नाही. पण नंदीचा रिवाज नेमका उलटा आहे. पोळा तोंडावर आला की माळ्यावरचा नंदी खाली येतो, धुतला-पुसला जातो, आणि पुष्कळ घरांत त्याला नवा रंग लागतो : अंग पांढरे, शिंगे तांबडी, खूर काळे. गेल्या साली शिंग मोडले असेल तर ते नवे बसते. चाक निसटले असेल तर तेही. आजोबांचा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या नंदीत आजोबांच्या वेळचे लाकूड किती उरले आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. थरावर थर चढून डोळ्यांची कड बुजते, नाकपुडी भरून येते, बैल थोडा बोजड दिसू लागतो. संग्राहकाच्या दृष्टीने हा नाश आहे. घरच्यांच्या दृष्टीने त्याला यंदाच्या पोळ्यासाठी तयार केले आहे.

हा नंदी घडवणारा गावचा सुतार. वखराची जू-दांडी, तिफणीचे फण, बंडीचे चाक हे त्याचे बारमाही काम. बलुतेदारीच्या काळात त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. नंदी हे त्या कामाचे उपफळ. यवतमाळ हा सागाचा मुलूख. अवजारे करून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून धड आणि मान काढायची, शिंगे-कान-शेपूट वेगळी करून ठोकायची, आणि सारे चार चाकांच्या पाटीवर बसवायचे. ज्याने आयुष्यभर बैलाच्या खांद्यासाठी जू तासले, त्याला वशिंड कुठे येते ते शिकवावे लागत नाही. पांढरकवड्याहून पैनगंगा ओलांडून, आदिलाबाद मागे टाकून पुढे गेले की निर्मल लागते. तिथली हलक्या पोणिकी लाकडाची, चिंचोक्याच्या खळीने सांधलेली खेळणी देशभर नावाजलेली आहेत. आपल्या सावंतवाडीचेही तसेच. यवतमाळच्या नंदीला असे गावाचे नाव मिळाले नाही, कारण तो विकण्यासाठी एका गल्लीत कधी जमला नाही. ज्या गावात नांगर तिथे सुतार, जिथे सुतार तिथे नंदी. आणि म्हणूनच नांगराचे जे झाले तेच त्याचेही होऊ पाहते आहे.

ते काय झाले, ते आकड्यांत सांगता येते. देशाच्या २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना ताडून पाहिल्या तर गायींची संख्या वाढली आहे आणि नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाखांवरून सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला आहे. सात वर्षांत जवळजवळ तीस टक्के घट. नांगरट ट्रॅक्टरने केव्हाच घेतली होती. कपाशीच्या उभ्या पिकात तासांमधून फिरणारा डवरा मात्र बैलांचाच राहिला होता. तणनाशकाच्या पंपाने ते कामही बरेचसे काढून घेतले. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे. तिच्या बऱ्या-वाईटाची चर्चा इथे करीत नाही, पण म्हातारा बैल विकून त्यात भर घालून तरणा घेण्याचा जो जुना व्यवहार होता तो त्यानंतर अवघड झाला, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. मग बैल उरला कुठे? शंकरपटात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात सशर्त पुन्हा सुरू झालेल्या शर्यतींत (२०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले) धावणाऱ्या जोड्यांना लाखांची बोली लागते. म्हणजे कामाचा बैल जाऊन शर्यतीचा बैल आला. बैलाचा घोडा झाला म्हणा. लॉरेन्सच्या मुलाला हा बैल ओळखीचा वाटला असता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देण्याची रीत आहे. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याची ती शुश्रूषा आहे. ज्या बैलाच्या खांद्यावर जूच आलेले नाही, त्याचे शेकायचे काय? आणि ज्या घरात बैलच नाही त्या घरच्या लेकराने लाकडी नंदी ओढला, तर ते कोणाच्या बदली? गॉम्ब्रिख यांची अडचण इथे उभी राहते. बदली यायला मूळ असावे लागते. यवतमाळ शहरातल्या एखाद्या वसाहतीतल्या मुलाने गोठ्यातला बैल जवळून पाहिलेलाही नसेल. त्याच्यासाठी नंदी कशाचाही पर्याय उरलेला नाही. तोच मूळ आहे. खरा बैल दिसला तर ते मूल म्हणेल, हा आपल्या नंदीसारखा दिसतो.

हे वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. जनावर गेले आणि त्याची चाकांवरची आकृती उरली, असे या भूमीत पूर्वीही घडले आहे. १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरातल्या, दायमाबादला जी कांस्यशिल्पे सापडली त्यांत बैलजोडी जुंपलेला रथ आहे, रेडा आहे, हत्ती आहे आणि गेंडाही आहे. चारही मिळून साठ किलोंहून जड, म्हणजे लेकरांच्या हातातली नव्हेत. पण चाकांवरची, ओढून नेण्यासारखी. गेंडा महाराष्ट्रातून कधीचा गेला. चाके कोणासाठी होती, कोणत्या दिवशी फिरली, हे सांगणारे कोणी राहिले नाही, आणि म्हणून ती आज फक्त शिल्पे आहेत. नंदीची दोरी धरणारे हात अजून आहेत, हा फरक लहान नव्हे.

मात्र त्या हातांना मोठ्यांनी शर्यतीत उतरवले आहे. तान्ह्या पोळ्यात बक्षिसे आली, मंडळे आली, पुढाऱ्यांची नावे आली, आणि नंदी वाढू लागला. आधी मुलाच्या गुडघ्याएवढा, मग खांद्याएवढा, मग बापाने आणि काकाने मिळून ढकलावा लागेल एवढा. त्याच्या शेजारी वीतभर नंदी घेऊन उभ्या असलेल्या पोराला काय वाटते? याचे उत्तर शूद्रकाने केव्हाच लिहून ठेवले आहे. ‘मृच्छकटिक’ हे नाटक देवलांमुळे मराठी माणसाच्या घरचे झाले. पण त्याच्या नावातली गाडी कोणती, ते पुष्कळांना चटकन आठवत नाही. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला असतो आणि आपली मातीची गाडी नको म्हणून रडत असतो. वसंतसेना अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. दृश्य वात्सल्याचे आहे आणि बहुतेक जण ते तेवढ्यावरच सोडतात. पण पुढे तेच दागिने न्यायसभेत बाहेर पडतात आणि तिच्या खुनाचा पुरावा म्हणून बापाच्या गळ्याशी येतात. खेळण्यात मोठ्यांची संपत्ती ओतली की ते खेळणे राहत नाही, एवढे शूद्रकाला कळत होते. तोही उपदेश करीत बसला नाही, त्याने कथानकाला ते काम करू दिले.

साहित्याच्या मंडळींचा या सगळ्याशी संबंध कुठे येतो? आमच्या मते तो स्मरणरंजनापाशी येतो. ग्रामीण लेखनातला बैल आता बहुधा आठवणीतला बैल असतो. शाळेत ‘माझा आवडता सण : पोळा’ हा निबंध लिहिताना बैल शेतकऱ्याचा मित्र असतो, तोच पुढे ललित लेखात बापाच्या डोळ्यांतल्या पाण्यासह परत येतो. रंग उडालेला, तडा गेलेला, मूळ स्थितीत जपलेला. म्हणजे जो न्याय संग्राहक घोड्याला लावतात तोच लेखक बैलाला लावतो आणि वाचक त्याला ‘अस्सल’ म्हणतात. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’सारखी कादंबरी या मोहातून सुटते, कारण तिच्यातल्या घराला जमाखर्च आहे. अशी उदाहरणे थोडी.

उलट पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या पाहाव्यात. चार-सहा ओळींची ती रचना. शेवटी महादेवाचा गजर. मधल्या ओळींत पाटलाला टोमणा असतो, सावकाराला असतो, सरकारला असतो, कपाशीच्या भावाला असतो. जुन्या झडत्या पाठ असतातच, पण त्यांवर थांबणारा झडतीकार गावात मोठा ठरत नाही. यंदाचे काही त्याने बोलले पाहिजे. बोंडअळी आली तर बोंडअळी, कर्जमाफीची यादी आली तर यादी. नंदीवर चढणाऱ्या नव्या रंगासारखेच हे आहे, आणि त्याच्याइतकेच ते बोजडही होऊ शकते; पुष्कळ झडत्या नुसत्या यमकांच्या असतात, हे कबूल करायला हवे. पण त्यांना जुनेपणाचा आधार घ्यावा लागत नाही. लोकसाहित्याचे अभ्यासक झडत्या गोळा करतात तेव्हा मात्र बहुधा जुन्या तेवढ्या निवडतात, आणि संग्रहात रचनेखाली गाव सापडले तरी साल सापडत नाही.

म्हणून एक छोटी सूचना करतो. विदर्भातल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग दरवर्षी विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहून घेतात. पोळ्याच्या दोन दिवसांत प्रत्येकाने आपापल्या गावच्या झडत्या टिपाव्यात. जुन्या-नव्या असा भेद करू नये. प्रत्येकीखाली साल घालावे आणि त्या सालचा कापसाचा भाव घालावा. तोरणाखाली बैलजोड्या किती होत्या आणि दुसऱ्या दिवशी नंदी किती, तेही मोजावे. बोजाऱ्यात काय मिळाले ते मुलांना विचारावे, आणि सालगडी कोणी उरला असेल तर त्यालाही. सुतार असेल तर त्याच्याकडून नंदीच्या अवयवांची त्याची नावे घ्यावीत. नसेल तर यंदाचे नंदी कुठून आले, फायबरचे की लाकडाचे, कितीला पडले, ते दुकानदाराला विचारून लिहावे. प्रकल्पाला एवढे साहित्य पुरे आहे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तेच पुन्हा करावे.